चवथीपूर्वी सोफा धुवावा का?

श्रावण लागला की गोव्यात घरोघरी चवथीची साफसफाई सुरू होते. भिंतींवरची हिरवट बुरशी खरवडली जाते, तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच लागते, पडदे उतरतात. अलीकडे या कामांत आणखी एकाची भर पडली आहे, ती म्हणजे सोफा धुऊन घेण्याची. यंत्रे घेऊन घरी येणारे आणि तासा-दोन तासांत सोफा, खुर्च्या, गाद्या स्वच्छ करून देणारे व्यावसायिक आता शहरांतून सहज मिळतात. त्यांची आठवण होते ती नेमकी याच दिवसांत. आणि सोफा पाण्याने धुण्यासाठी वर्षातील सर्वांत वाईट दिवस हेच होत.

याचे कारण सोफ्याच्या पोटात आहे. वरचे कापड पातळच असते. त्याखाली पॉलिएस्टरच्या कापसाचा थर, त्याखाली काही इंच जाडीचा फोम, मग पट्टे किंवा स्प्रिंगा आणि तळाशी लाकडाचा वा प्लायवूडचा सांगाडा. फोम पाणी पटकन शोषतो, सोडतो मात्र सावकाश. ते बाहेर पडायला कोरडी, वाहती हवा लागते आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडील हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वरच असते. ओली राहिलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरण्याचा धोका असतो. म्हणजे चवथीच्या दोन दिवस आधी धुतलेला सोफा वरून स्वच्छ दिसेल. पण पाहुणे येऊन बसतील तेव्हा कुबट वास येईल. जुन्या गोमंतकीय घरांतील शिसवी खुर्च्यांच्या बैठका वेताच्या जाळीच्या असत, बाल्कांवातला सोपो तर दगड-चुन्याचाच. त्यात ओल साठून राहायला जागाच नव्हती. फोमचा सोफा या हवेत उशिरा आला आहे, हे त्याची निगा राखताना विसरून चालत नाही.

जाणकार कारागीर आल्या आल्या पाणी फवारत नाही. तो आधी कापड ओळखतो. शिवणीच्या आतल्या बाजूचा एखादा धागा काढून जाळून पाहणे ही त्याची जुनी रीत. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होतो, पॉलिएस्टर वितळून काळा कठीण मणी बनतो, लोकर वा रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. नंतर दिसणार नाही अशा कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून धरून रंग सुटतो का, ते पाहिले जाते. कंपनीच्या सोफ्याला गादीखाली पट्टी असली तर तीवरील इंग्रजी अक्षरेही वाचावीत. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाणी चालेल, ‘एस’ म्हणजे पाणी नको, केवळ ड्रायक्लीनिंगचे द्रावक, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही आणि ‘एक्स’ म्हणजे फक्त व्हॅक्यूम. सुताराकडून करवून घेतलेल्या सोफ्याला अशी पट्टी नसतेच. तेथे धाग्याची परीक्षा हाच आधार.

त्यानंतर येते कोरडी सफाई. सोफ्यातील मळाचा मोठा भाग ही सुटी धूळ असते आणि ती ओली केली की तिचा चिखल होतो. म्हणून फटी, शिवणी, गाद्यांच्या खालची बाजू असे सगळे व्हॅक्यूमने नीट ओढून घ्यावे लागते. हे काम पाच मिनिटांत उरकून फवारा हाती घेणाऱ्यास तेथेच थांबवावे. पुढे डोके आणि हात टेकण्याच्या जागी साठलेला तेलकट थर सैल करणारे द्रावण लावले जाते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज केसांना मकास्सर तेल चोपडत, म्हणून खुर्चीच्या पाठीवर घालायच्या रुमालाला ‘अँटीमॅकॅसर’ हे नाव पडले. आपल्याकडे खोबरेल तेल तेच काम करते आणि आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल आजही त्यावर उत्तम उपाय आहे.

शेवटची पायरी यंत्राची. यंत्राच्या तोंडातून गरम पाणी फवारले जाते आणि लगेच मळासकट परत ओढले जाते. कसब फवारण्यात नसून ओढण्यात आहे. एकदा फवारल्यावर त्याच जागेवरून तीन-चार वेळा कोरडेच फिरवायला हवे. पाणी जास्त झाले तर खोल गेलेला डाग वाळताना पुन्हा वर येतो. सुती आणि विशेषतः तागाच्या कापडावर तपकिरी ओघळ उमटतात. कापडाच्या आत कारागिराने केलेल्या पेनाच्या खुणाही कधी कधी वर फुटतात. व्हिस्कोसची मखमल एकदा भिजून चेपली की तिची लव बहुधा पूर्ववत उभी राहत नाही.

डागांपैकी आपल्या घरांत सर्वांत चिवट तो हुमणाचा, म्हणजे खरे तर हळदीचा. त्यावर साबण लावला की तो लाल होतो आणि गृहिणी घाबरते. क्षाराने हळद लाल होते, हळदीचे कुंकू चुन्याने होते तेच हे. म्हणून आधी चमच्याने टिपून घ्यावे, थंड पाण्याच्या फडक्याने दाबावे, चोळू नये. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो. मात्र भडक रंगाचे कापड उन्हात ठेवल्यास हळदीबरोबर त्याचाही रंग जाईल.

मग चवथीपूर्वी करावे काय? सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. गाद्या उचलून व्हॅक्यूम करावा, खोळी निघत असतील तर त्या धुऊन पूर्ण वाळवाव्यात, खोलीत पंखा किंवा वातानुकूलन यंत्राचा ड्राय मोड काही तास चालवावा. पाण्याची धुलाई नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, सकाळी लवकर आणि खिडक्या उघड्या ठेवून करून घ्यावी.

पृष्ठभागावर बुरशी दिसली तर घरात झटकू नये. तिचे कण श्वासातून आत जातात आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होतो. पावसाने उघडीप दिली की गादी बाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून ब्रश मारावा. ब्लीच वापरू नये, रंग उडतो. बुरशी फोममध्ये उतरली असल्यास धुण्याचा उपयोग नाही. कुशनवाल्याकडून फोमच बदलून घ्यावा.

राहता राहिला पापुद्रे सुटणारा नकली चामड्याचा सोफा. तो मळाने खराब होत नाही. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतील बाष्पाने हळूहळू विघटित होतो आणि सालीसारखा निघू लागतो. कोणतेही द्रावण तो परत चिकटवू शकत नाही. असा सोफा धुऊन नवा करून देतो, असे कोणी सांगितले तर ते पैसे नव्या खोळीसाठी राखून ठेवावेत.