साक्षात्काराला उंबरठा आहे काय?

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु दुपारी कामे आटोपल्यावर वाचनालयातली पुस्तके वाचायची मला आवड आहे. त्या वाचनातून एक प्रश्न बरेच दिवस मनात घर करून राहिला आहे, तोच येथे मांडते. परमार्थाचा प्रत्यक्ष अनुभव, ज्याला विद्वान मंडळी गूढानुभव किंवा साक्षात्कार म्हणतात, तो संसारी बाईला मिळतो काय? की त्यासाठी घर सोडावेच लागते?

हा प्रश्न फार जुना आहे. भगवान बुद्धांना लहानाचे मोठे करणारी त्यांची मावशी महाप्रजापती गौतमी हिने संघात प्रवेश मागितला, तेव्हा तिला तीन वेळा नकार मिळाला. मग आनंद नावाच्या शिष्याने बुद्धांना सरळ विचारले की, घर सोडून या मार्गाने चालली तर स्त्रीला सर्वोच्च फळ मिळू शकते की नाही? बुद्ध म्हणाले, मिळू शकते. त्यानंतर गौतमीला प्रवेश मिळाला, पण आठ जादा नियम घालून! अधिकार मान्य झाला, तरी वाट अरुंदच राहिली, असे बौद्ध ग्रंथच सांगतात.

त्या अरुंद वाटेने गेलेल्या स्त्रियांचे उद्गार ‘थेरीगाथा’ या पाली ग्रंथात आहेत. त्यात ७३ काव्ये आहेत. मुत्ता, म्हणजे आपल्या भाषेत मुक्ता, नावाची भिक्षुणी सांगते की, उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा या तीन वाकड्या गोष्टींतून मी सुटले, आणि जन्ममरणातूनही सुटले. वाचताना मला प्रथम हसू आले आणि मग विचारात पडले. कांडणाचे कष्ट ज्या बाईने काढले तिलाच असे लिहिता येते.

पटाचारेची हकीकत तर डोळ्यांत पाणी आणते. पती सर्पदंशाने गेला, एक मुलगा नदीत वाहून गेला, दुसऱ्याला ससाण्याने उचलून नेले. माहेरी जावे तो घर कोसळून आईबाप आणि भाऊ गेलेले! वेडी होऊन फिरणारी ही बाई पुढे भिक्षुणी झाली. एके दिवशी पाय धुताना उतारावरून वाहत जाणारे पाणी पाहून तिचे मन एकाग्र झाले. रात्री ती खोलीत गेली व सुईने दिव्याची वात खाली ओढली. दिवा विझला, आणि त्याच क्षणी तिचे मन मुक्त झाले. निर्वाण याचा अर्थच विझणे असा आहे. तृष्णेची ज्योत शांत होणे, हा बौद्धांचा अनुभव.

आपल्याकडची वाट वेगळी. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. तिने जाते सोडले नाही. उलट विठ्ठलच तिच्याबरोबर दळायला बसतो, असा तिचा अनुभव. मुत्ता कांडणातून सुटली, तर जनीने देवाला दळणापाशी आणले. एकीकडे देवाचे नावही नाही, दुसरीकडे देवाशिवाय काही नाही. तरी दोघींच्याही अनुभवाला घरकामाचीच भाषा आहे.

तिसरे उदाहरण संत बहिणाबाईंचे. त्यांचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. वेरूळच्या एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी शेजारी शेजारी आहेत. बहिणाबाईंचे लहानपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न झाले. कोल्हापुरात असताना त्यांना स्वप्नात तुकाराममहाराजांचा उपदेश झाला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे हे पतीला सहन होईना. मारहाण झाली, आणि अखेर ते घर सोडून जायला निघाले. तेवढ्यात ते आजारी पडले. बहिणाबाईंनी महिनाभर सेवा केली, आणि पतीचे मन पालटले. मग सारे कुटुंब देहूला गेले. हे सर्व त्यांनी स्वतःच अभंगांतून लिहून ठेवले आहे.

याच बहिणाबाईंनी ‘वज्रसूची’तला विचार मराठीत अभंगरूपाने मांडला. या नावाचे एक उपनिषद आहे, आणि परंपरेने अश्वघोषाच्या नावावर असलेला एक बौद्ध ग्रंथही आहे. जन्माने कोणी ब्राह्मण ठरत नाही, असे दोन्हींत प्रतिपादन आहे. १७०० साली अंतकाळी त्यांनी मुलाला आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. थेरींच्या गाथांतही पूर्वजन्मांचे स्मरण हे ज्ञानाचे एक अंग मानले आहे. दोन धर्मांच्या वाटा येथे किती जवळ येतात पाहा!

यावरून माझ्या अल्पमतीला असे वाटते की, साक्षात्काराला उंबरठा नाही. मुत्ता आणि पटाचारा घराबाहेर पडल्या, जनाबाई जात्यापाशी राहिली, बहिणाबाईंनी मार खाऊनही संसार केला. अनुभव चौघींनाही आला. आड आली ती चूल किंवा जाते नव्हे. आड आले ते ‘तुला अधिकार नाही’ असे म्हणणारे लोक. तो शब्द आजही घरोघरी निरनिराळ्या रूपांत ऐकू येतो, आणि पुष्कळदा आपणच तो आपल्या सुनांना व लेकींना ऐकवतो, हेही मान्य केले पाहिजे.

आपल्या मंडळात एकादशीला भजन होते. त्या दिवशी अभंग म्हणण्याआधी तो रचणारी बाई कोण होती, तिने काय सोसले, हे कोणीतरी दहा मिनिटे वाचून दाखवावे, आणि त्यात थेरींनाही जागा द्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. सर्व भगिनींनी तिचा विचार करावा.