सेवासदन ते रेडमंड

"आई, पुढच्या वर्षी मी नर्सिंग असिस्टंटचा क्लास घेणार आहे."

मागच्या वर्षी हायस्कूलचे विषय निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या कन्येने स्वयंपाकघरात येऊन हे जाहीर केलं. मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपल्याचं मला वासानेच कळलं!

वाचकहो, रेडमंडच्या मराठी घरांतून त्या दिवसांत काय बोलणी चालतात ते मी तुम्हाला काय सांगणार? एपी किती, कॅल्क्युलस कधी, रोबोटिक्सची टीम कुठली. मी आपलं म्हणाले, "अगं, मेडिकलला जायचं असेल तर बायॉलॉजी घे. हे कशाला?"

"मेडिकलचं नंतर बघू. माणसाला धड उचलायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, ते मला शिकायचंय. आजोबांकडे कुणालाच येत नव्हतं ना."

यावर मला काही बोलता आलं नाही. माझे वडील पुण्यात चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. आम्ही भावंडं तीन देशांत. एका ब्यूरोकडून दिवसाला एक आणि रात्रीला एक अशा दोन मुली यायच्या. दिवसाची मुलगी बीडकडची, विशीतली, मनाने फार चांगली. पण तिला कुणी काही शिकवलंच नव्हतं. आधीच्या बाईचं बघून बघून ती शिकलेली. बाबांना पाठीला जखमा झाल्या तेव्हा ती बिचारी रडत होती आणि मी इकडून फोनवर तिलाच रागावत होते. त्या उन्हाळ्यात माझी लेक तिथे होती. तिने ते सगळं पाहिलं होतं.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. नातीचा बेत ऐकून ती एवढंच म्हणाली, "आमच्या आत्याने केलं होतं ते. सेवासदनात."

ही आत्या म्हणजे आईच्या वडिलांची थोरली बहीण. तेराव्या वर्षी विधवा झालेली. ती 'पुण्यात कुठेतरी नोकरी करायची' एवढंच मी लहानपणी ऐकलं होतं. ती परिचारिका होती हे मला पन्नाशीत, रेडमंडमध्ये कळलं. मग मी त्या काळाबद्दल मिळेल ते वाचायला लागले.

रमाबाई रानडे आपल्याला माहीत असतात त्या न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून, किंवा अलीकडे दूरदर्शन मालिकेमुळे. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही नव्हत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत स्त्रियांसाठी एक संस्था काढायचं ठरवलं. आपल्याकडच्या बायकांना शुश्रूषेचं शिक्षण द्यावं हा त्यामागचा एक मुख्य विचार होता. ते रमाबाईंकडे आले आणि मुंबईचं सेवासदन उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचं सेवासदन निघालं, तेही रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. लिहिणं-वाचणं, शिवण, आणि त्याबरोबरच रोग्याची शुश्रूषा.

त्या काळी 'नर्स' या शब्दाला काय वास होता ते आज आपल्या लक्षात येत नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, कुठल्या जातीचा रोगी आहे ते विचारायचं नाही. हे काम मिशनच्या दवाखान्यांतून ख्रिस्ती मुली करत आणि त्याबद्दल त्यांना समाजाकडून मान काही मिळत नसे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं रुग्णालय १८९४ पासून होतं. तिथे शस्त्रक्रियेसाठी लांबलांबहून लोक जात, पण आपली मुलगी तिथे शिकायला पाठवावी असं वरच्या जातींतल्या किती घरांना वाटलं असेल? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत आणलं आणि त्याच रोगाने त्या स्वतः गेल्या. त्याला तर जेमतेम बारा वर्षं झाली होती. हात लावणारी माणसं होती, पण ज्यांना लोक आदर्श घरं म्हणत त्यांतून ती फार थोडी आली होती.

रमाबाईंपुढच्या अडचणी अगदी व्यवहाराच्या होत्या. शिकायला रोगी हवेत, म्हणजे मोठं रुग्णालय हवं. ते पुण्यात होतं, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभं राहिलेलं. शिकवायला जाणती माणसं हवीत, तीही तिथेच होती. शिकाऊ परिचारिकांना राहायला सुरक्षित जागा हवी, म्हणून सेवासदनाने त्यांच्यासाठी वेगळं वसतिगृह काढलं. राहता राहिला चौथा प्रश्न. घरचे पाठवतील का?

त्यावर कुठल्याही समितीकडे उत्तर नव्हतं. रमाबाई घरोघर ओळखीच्या होत्या, त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि त्या स्वतः विधवा होत्या. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभाची हकीकत त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. बक्षीस घ्यायला एक केशवपन केलेली विधवा व्यासपीठावर आली. गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाई उभ्या राहिल्या आणि त्या शिकलेल्या पोरांना त्यांनी भर सभेत खडसावलं. मला वाटतं, अशा प्रसंगांनी जेवढ्या मुली शुश्रूषेच्या वर्गाकडे वळल्या असतील तेवढ्या कुठल्याच पत्रकाने वळल्या नसतील. आमची आत्या त्या बायकांपैकीच एक. ससूनमधून सुट्टीला घरी आली की तिला मागच्या दाराने घेत. अंगणात आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे, आणि तिचं ताट वेगळं असे. पण घरात कुणी आजारी पडलं की तिलाच तार जायची!

अमेरिकेत मात्र हे सगळं आधीपासून नीट होतं, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. इथली पहिली प्रशिक्षित परिचारिका लिंडा रिचर्ड्स १८७३ मध्ये बॉस्टनला तयार झाली, हे खरं. पण परिचारिकेच्या हाताखाली जे रोग्याला आंघोळ घालतात, भरवतात, चालवतात, त्यांना किती शिकवावं याचा देशव्यापी नियम पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ नव्हता. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने हायस्कुलांतल्या धंदेशिक्षणाला केंद्राचे पैसे मिळू लागले, ते शेती, कारागिरी आणि गृहशास्त्रासाठी. आरोग्यसेवा शिकणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्यांची 'होसा' ही संघटना निघाली १९७६ मध्ये. आणि नर्सिंग होममधल्या मदतनिसांना किमान ७५ तासांचं शिक्षण, त्यातले १६ तास प्रत्यक्ष देखरेखीखाली, हा केंद्राचा नियम आला थेट १९८७ च्या कायद्यात. तोपर्यंत पुष्कळ ठिकाणी आधीच्या बाईचं बघून शिकणं इथेही होतंच. पुण्याच्या ब्यूरोला नावं ठेवताना मी हे विसरले होते. नव्वदच्या दशकात रुग्णालयांनी या मदतनिसांच्या कामात रक्त काढणं, ईसीजी घेणं अशी भर घातली आणि 'पेशंट केअर टेक्निशियन' हे नाव रूढ झालं. आपल्या वॉशिंग्टन राज्यात रक्त काढायला वेगळा परवाना लागतो, म्हणून हायस्कूलची मुलं पहिली पायरी चढतात ती नर्सिंग असिस्टंटची.

अशा वर्गाची जुळवाजुळव कशी करावी लागते ते पालक म्हणून जवळून पाहिलं तेव्हा मला सारखे रमाबाईंचे प्रश्न आठवत होते. एकट्या शाळेला हे झेपत नाही, म्हणून आपल्या लेक वॉशिंग्टनसह आसपासच्या शाळा-जिल्ह्यांनी मिळून 'वॅनिक' हे सामायिक कौशल्य केंद्र चालवलं आहे. शिकवायला नोंदणीकृत परिचारिका हवी, आणि रुग्णालयात तिला शाळेपेक्षा जास्त पगार मिळतो. खोलीत खाटा हव्यात, पुतळे हवेत. मग एखादं नर्सिंग होम किंवा रुग्णालय हवं, जे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या माणसांजवळ येऊ देईल. मुलांच्या लसी, क्षयाची चाचणी, ने-आण. शेवटी राज्याची परीक्षा, लेखी आणि प्रात्यक्षिक. त्यात हात कसे धुता इथपासून तपासतात.

हे सगळं जुळत होतं. चौथा प्रश्न मात्र आमच्या घरात अडकला होता, आणि तो अडवणारी मी होते. मैत्रिणींना काय सांगू? सगळ्यांची मुलं उन्हाळ्यात इंटर्नशिप करणार आणि माझी बेडपॅन उचलणार? हे मी मोठ्याने म्हणाले नाही एवढंच. आईने माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांचं बेडपॅन उचलणारीचं नाव तरी तुला ठाऊक होतं का गं?" ठाऊक होतं. आडनाव नव्हतं.

२०२० च्या फेब्रुवारीअखेर इथून दहा मिनिटांवरच्या किर्कलंडमधल्या एका नर्सिंग होममध्ये करोनाची साथ उघडकीला आली, तेव्हा आपण सगळे घरांत बसून बातम्या बघत होतो. आत जाऊन त्या म्हाताऱ्यांना भरवणारी माणसं कोण होती, हा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवलाही नव्हता. त्यांतल्या कुणाचं शिक्षण कुठे झालं असेल, असं आता वाटतं.

फॉर्मवर मी सही केली. सप्टेंबरात वर्ग सुरू झाला. आमची आई झाली पहिली पेशंट. तिला रोज संध्याकाळी कमरेला पट्टा बांधून खुर्चीतून उठवायचं, पलंगावर कुशीवर वळवायचं, चादर न उठवता बदलायची. "अगं, खांद्याखालून धर, काखेतून ओढू नकोस," आई सांगायची. हे तिला कुठून माहीत म्हणून विचारलं तर म्हणाली, "आत्या असंच करायची. माझी आजी पडली होती तेव्हा."

धाकट्या भावाला सांगून पुण्याच्या घरातला जुना ट्रंक उघडायला लावला. आत्याचा एकच फोटो निघाला. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, शेजारी आणखी पाच जणी, मागे दगडी कमान. इतकी वर्षं तो भिंतीवर कधी लागला नव्हता. लेकीने तो छापून स्वतःच्या टेबलासमोर लावला आहे.

नर्सिंग होममधला तिचा पहिला दिवस एका शनिवारी होता. संध्याकाळी ती आली ती गॅरेजच्या दाराने. बूट बाहेर ठेवले, कपडे थेट धुवायला टाकले आणि कुणाला हात न लावता सरळ आंघोळीला गेली. त्यांना तसंच शिकवलं आहे. आई हॉलमधून हे सगळं बघत होती. नात बाहेर आली तेव्हा आईने तिच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं, आपल्या ताटाला अगदी लागून.