व्याजाचे मुद्दल होते तेव्हा : सुप्याच्या कर्जरोख्यांपासून क्रेडिट कार्डापर्यंत

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चालून गेले. त्यांनी मागणी केली ती धान्याची किंवा रोकडीची नव्हे. त्यांना हव्या होत्या वह्या, कर्जरोखे आणि न्यायालयाचे हुकूमनामे. हाती लागलेल्या कागदांची होळी झाली. पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले, तिसाहून अधिक गावे पेटली. बहुतेक ठिकाणी प्रकार एकच होता : सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तर त्याच्या अंगाला सहसा हात लागत नसे.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. परीक्षेपुरते आपण कारणे पाठ करतो : कापसाच्या भावातील घसरण, वाढीव शेतसारा, सावकारी पाश. ही कारणे खरीच आहेत. परंतु रागाचे लक्ष्य कागदच का झाले, हा प्रश्न त्यांतून सुटत नाही. त्या कागदांत नेमके काय लिहिलेले असे, हे आज पाहू. ज्यांच्या खिशात क्रेडिट कार्ड आहे, त्यांना ते थोडे ओळखीचे वाटेल.

आधी एक जुना नियम समजून घ्यावा लागेल. दामदुप्पट. धर्मशास्त्राच्या परंपरेत एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा दंडक होता. शंभर रुपये दिले असतील तर सावकार एका वेळी फार तर दोनशे मागू शकतो. काळ कितीही लोटो. मनुस्मृतीत हा नियम आहे आणि त्याच प्रकरणात व्याजाच्या निषिद्ध प्रकारांत चक्रवृद्धीचेही नाव आहे. आपला ‘चक्रवाढ’ हा शब्द तिथलाच. १८५५ मध्ये कंपनी सरकारने व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा रद्द केल्या, तरी मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत दामदुप्पट जिवंत ठेवली.

म्हणजे रयतेला संरक्षण होते? कागदोपत्री होते. पण या नियमाला पहिल्यापासून एक फट होती आणि ती त्याच ग्रंथाने ठेवलेली आहे : ऋणकोला मुदतीत व्याजही देता आले नाही, तर नवा लेख करून थकलेले व्याज त्यात मिळवावे. नवा कागद झाला की जुने व्याज मुद्दल बनते. दामदुप्पटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ही फट रुंद केली ती १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने, आणि तीही चांगल्या हेतूने. साध्या, नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत फिर्याद लावली नाही तर तो निकामी, असे ठरले. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, ही अपेक्षा. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळापुढे नवा रोखा ठेवी. जुने मुद्दल अधिक तीन वर्षांचे व्याज, ही एकच रक्कम त्यात मुद्दल म्हणून लिहिलेली असे. कुळाला वाचता येत नसे. अंगठा उमटवला नाही, तर पेरणीला पैसा मिळत नसे.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. शंभर रुपये, शेकडा दोन रुपये दरमहा, सरळ व्याज. तीन वर्षांत व्याज ७२. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६. नऊ वर्षांच्या शेवटी सुमारे ५०९. एकच रोखा कायम राहिला असता, तर दामदुप्पटीने हाच आकडा दोनशेवर अडला असता. प्रत्यक्षात याहूनही भयंकर हिशेब निघाले. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेले होते. सुप्याच्या होळीत जळाले ते असे कागद.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ टीका केली आहे आणि ती योग्यही आहे. सावकारांनी पुढे गहाणाऐवजी थेट खरेदीखते करून घेऊन कायद्याला वळसा घातला. तरीही त्याचे तेरावे कलम मला आजही विलक्षण वाटते. न्यायालयाने व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासावा, मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगवेगळे मांडावेत आणि मध्येच कधीतरी मुद्दलात ढकललेले व्याज, ते वाजवी असल्याची खात्री पटल्याशिवाय, मुद्दलाच्या खात्यात धरू नये. कुळावर सही दाखवून भागणार नव्हते. शिवाय कुळाला पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तिका मागण्याचा हक्क मिळाला. दरमहा आपल्या मेलवर येणाऱ्या ‘स्टेटमेंट’चा हा एक मराठमोळा पूर्वजच. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते.

आता समुद्रापलीकडे जावे लागेल, आणि तिथे नेणारा धागा दख्खनच्याच गोष्टीत आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) ब्रिटनच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला, भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला आणि दख्खनच्या खेड्यांत उधारीचा पूर लोटला. युद्ध संपले, भाव कोसळला, उधारी बंद झाली, जुनी वसुली मात्र सुरू राहिली. त्याच युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय बँकांचा कायदा केला. त्यात एक निरुपद्रवी भासणारी तरतूद होती : राष्ट्रीय बँकेने आपण ज्या राज्यात आहोत, तेथील व्याजदर आकारावा. एकाच युद्धातून निघालेली ही दुसरी ठिणगी पेट घ्यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

मधल्या काळात कार्ड जन्माला आले. १९५० चे डायनर्स क्लब हे खरे तर उधारीची वही होते. महिनाअखेर सगळी रक्कम चुकती करणे बंधनकारक असे. क्रांती झाली ती १८ सप्टेंबर १९५८ रोजी, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात. बँक ऑफ अमेरिकाने तेथील सुमारे ६०,००० रहिवाशांच्या टपालपेटीत, कोणीही न मागता, कार्डे टाकली. तीनशे ते पाचशे डॉलरची मर्यादा आगाऊ मंजूर. कल्पना जोसेफ विल्यम्स या अधिकाऱ्याची. नवलाई कार्डाची नव्हतीच, सवलतीची होती : सगळे बिल भरू नका, थोडे भरा, उरलेले पुढच्या महिन्यावर ढकला, व्याज महिन्याला दीड टक्का.

लोक बुडवणार नाहीत, हा विल्यम्स यांचा अंदाज साफ चुकला. चार टक्के खाती थकतील असे गृहीत धरले होते, थकली बावीस टक्के. बँकेला ८८ लाख डॉलरचा अधिकृत तोटा झाला आणि १९५९ संपण्यापूर्वी विल्यम्स यांनी बँक सोडली. बँकेने मात्र योजना सोडली नाही. तेच कार्ड १९७६ पासून ‘व्हिसा’ या नावाने ओळखले जाते. न मागितलेली कार्डे पाठवण्यावर अमेरिकेत १९७० मध्ये बंदी आली.

तरीही या धंद्यावर एक लगाम होता : अनेक राज्यांत व्याजाची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली होती. नेब्रास्का राज्यातील एक बँक मिनेसोटात कार्डे देऊ लागली. नेब्रास्कात १८ टक्क्यांपर्यंत मुभा होती, मिनेसोटात १२. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९७८ मध्ये एकमुखी निकाल लागला : यादवी युद्धकाळातील तरतुदीनुसार बँक आपल्या राज्याचा दर परराज्यातील ग्राहकालाही लावू शकते. हा मार्क्वेट खटला. यापुढे काय होणार, हे कळायला वकील असण्याची गरज नव्हती. साउथ डकोटाने १९८० मध्ये व्याजाची मर्यादाच काढून टाकली आणि १९८१ मध्ये सिटीबँकेने आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्कहून त्या राज्यातील सू फॉल्सला नेला. इतर राज्यांच्या मर्यादा पुस्तकात राहिल्या. कार्डांपुरते राज्य चालले ते मर्यादा नसलेल्या राज्याचे.

भारतात १९८० मध्ये सेंट्रल बँकेने कार्ड आणले. येथील कायद्याचा प्रवास तर अधिकच विचित्र आहे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात दामदुप्पट होती. थकलेल्या व्याजापोटी मुद्दलाहून मोठ्या रकमेचा हुकूमनामा सावकाराला मिळत नसे. बँका त्या कायद्याबाहेर होत्या. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१-अ कलम आले : बँकेचे व्याज अवाजवी आहे, एवढ्या कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये. म्हणजे गावच्या सावकाराला जी वेस ओलांडता येत नव्हती, ती कार्ड देणाऱ्या बँकेला लागूच नव्हती. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. व्याजधोरण हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, ग्राहक आयोगाचा नव्हे, हा निकालाचा गाभा.

आता खिशातले कार्ड बाहेर काढू. महिन्याला साडेतीन टक्के हा दर आपल्याकडे नवलाचा नाही. वर्षाला ४२, आणि व्याजावर व्याज धरले तर ५१ टक्क्यांच्या वर. काहीच न भरता व्याज साचत गेले, तर रक्कम २१ व्या महिन्यात दुप्पट होते. दामदुप्पटीची वेस दोन वर्षांच्या आत ओलांडली जाते, आणि तिथे थांबवणारा कोणी नसतो.

‘आम्ही तर दर महिन्याला भरतो,’ असे म्हणणाऱ्यांसाठी दुसरा हिशेब. थकबाकी ५०,००० रुपये, किमान देय रक्कम पाच टक्के. पहिल्या महिन्यात २,५०० भरले, त्यातील १,७५० व्याजात गेले, मुद्दल ७५० ने कमी झाले. कार्डावर नवा पैसाही खर्च केला नाही, तरी वर्षभरात सुमारे २७,६०० रुपये भरून कर्ज उतरते अवघे ८,३००. चोविसाव्या महिन्यापर्यंत भरलेल्या पैशांची बेरीज मूळ थकबाकी ओलांडून पुढे जाते, आणि तरीही सुमारे ३४,८०० रुपये देणे उरलेले असते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मी यात धरलेलाच नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पूर्ण बिल भरणाऱ्याला जी पन्नासेक दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते, ती थकबाकी राहिली की नाहीशी होते. मग आज घेतलेल्या पुस्तकावरही आजपासूनच व्याज लागते. एटीएममधून कार्डावर काढलेल्या रोकडीला तर ही मुदत सहसा नसते. म्हणून थकबाकी असताना त्याच कार्डावर खरेदी करणे म्हणजे नवा रोखा लिहून देणेच. आधी कार्ड बाजूला ठेवावे. मग कमी दराचे वैयक्तिक कर्ज किंवा बँकेची हप्त्यांची सोय मिळत असेल, तर तिचे शुल्क व दर तपासून थकबाकी तिकडे वळवावी. हप्ता ठरलेला असला की मुद्दल निश्चित मुदतीत संपते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत तेराव्या कलमाचा पुसटसा प्रतिध्वनी ऐकू येतो. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावू नये. किमान देय रक्कम अशी ठरवावी की ती भरूनही थकबाकी वाढत जाऊ नये. न मागितलेले कार्ड देऊ नये. आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड किती लांबते, याचा इशारा ग्राहकाच्या नजरेस आणावा. पुढच्या वेळी स्टेटमेंट आले की तो इशारा शोधून पाहा. बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत सापडेल.