पावसातही उघडी राहणारी खिडकी, पण ग्रीलचं आधी ठरवा

पाऊस लागला की स्लायडिंग खिडकी बंद करावी लागते आणि फोडणीचा धूर स्वयंपाकघरातच कोंडतो. तिथे ऑनिंग खिडकी बरी. हिची बिजागरी वरच्या बाजूला असते आणि झडप खालून बाहेर ढकलायची. उघडी झडप छोट्या छज्जाचं काम करते. सरळ पाऊस बाहेरच राहतो. वाऱ्याबरोबर आडवी झड आली तर मात्र बंद करावीच लागेल.

खरी गडबड होते ती ग्रीलची. आपल्याकडे सवयीने ग्रील बाहेरून ठोकतात. मग झडप उघडणार कुठे? ग्रील आतून घ्या. मच्छरजाळीही आतूनच, पण ती उघडणारी हवी, नाहीतर झडपेच्या मुठीपर्यंत हात पोचणार नाही. हे फॅब्रिकेटरला माप घेतानाच सांगा. नंतरच्या तोडफोडीचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

झडप तोलून धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्याच मागा. समुद्राजवळच्या गावात साधं लोखंड लवकर गंजतं. येण्याजाण्याच्या वाटेवर, डोक्याच्या उंचीला ही खिडकी नको. अंधारात कपाळ फुटायचं. झडप पूर्ण उघडत नाही, त्यामुळे झोपायच्या खोलीत हीच एकुलती एक खिडकी ठेवू नका. न्हाणीघरात उंचावर मात्र बिनधास्त बसवा, आडोसाही राहतो आणि ओलही सुकते.