पहार, गिरमिट आणि गळ

इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या, ही समजूत मुलांच्या डोक्यातून काढता काढता माझी नोकरी संपली. निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, दोन हिवाळे काढले. तिथे एका वेगळ्याच विषयाचा इतिहास हाती लागला. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे पकडायची साधने, आणि लोकांनी ती घरच्या घरी दुरुस्त करता करता कशी सुधारली, त्याची ही हकीकत.

त्या भागात ही विद्या गोऱ्या माणसांच्या आधीची आहे. ओजिब्वे आणि इतर मूळ रहिवासी बर्फाला भोक पाडत, अंगावर घोंगडे ओढून पालथे पडत आणि पाण्यात लाकडाचा कोरलेला मासा सोडत. घोंगड्यामुळे वर अंधार झाला की खालचे पाणी स्वच्छ दिसते. खोट्या माशाच्या ओढीने खरा मासा जवळ आला की भाला मारायचा. पुढे या लाकडी माशाच्या पोटात शिसे ओतू लागले, म्हणजे तो तरंगत नाही. त्याला पत्र्याचे पर बसवू लागले. पर जरा वाकवला की मासा गोल फेरी मारतो. तो किती वाकवायचा हे पुस्तकात नव्हते. बादलीत सोडून बघायचे, पुन्हा वाकवायचे. मिशिगनमधल्या कॅडिलॅक गावच्या ऑस्कर पीटरसन (१८८७–१९५१) यांनी असे असंख्य मासे कोरून थोड्याथोडक्या पैशांत विकले. आज लोककलेचे संग्राहक ते जपून ठेवतात.

भोक पाडायला आधी होती ती पहार. बर्फ फूट-दोन फूट जाड असला की एका भोकातच खांदे भरून येत. मग आले हाताने फिरवायचे मोठे गिरमिट. त्यात स्वीडनच्या मोरा गावचे फार नावाजलेले. मिनेसोटात स्वीडिश वस्ती मोठी, इतकी की तिथेही मोरा नावाचे एक गाव आहे. या गिरमिटाचा सगळा जीव पात्यात. बर्फात अडकलेली वाळू लागली की धार जाते, आणि बोथट पाते नुसते गरगरते. धार लावताना पात्याचा मूळ उतार बदलला, तर ते लखलखीत दिसूनही बर्फ कापत नाही.

गळाच्या काठीचे तसेच. उन्हाळ्यातली लांब काठी मोडली की तिचा शेंडा टाकून द्यायचा नाही. त्याला लाकडी मूठ बसवली की हिवाळ्याची आखूड काठी तयार. याहून साधा प्रकार म्हणजे दोन खुंट्या ठोकलेला दांडका. दोरी त्या खुंट्यांना गुंडाळायची. मासा ओढतो आहे हे दुरून कळावे म्हणून भोकावर आडव्या लाकडी पट्ट्या, वाकवलेली पोलादी पट्टी आणि तिच्या टोकाला लाल चिंधी. दोरी ओढली गेली की चिंधी ताठ उभी राहते. दोरीचे रीळ मात्र पाण्याच्या आत ठेवतात, कारण बाहेर राहिले तर ते गोठून बसते. ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याची बोटे मात्र नक्कीच गारठली असणार!

काही नावे टिकली. १९५९ साली लोरन्स कंपनीने आवाजाच्या लहरींनी पाण्यातला मासा दाखवणारी हिरवी पेटी बाजारात आणली. ती होड्यांसाठी होती. लोकांनी तिच्यासाठी खोकी बनवली, बॅटरी जोडली आणि ती बर्फावर नेली. १९८० च्या सुमारास सेंट क्लाउडच्या डेव्ह गेन्झ यांनी घसरगाडीवर दुमडणारा तंबू बसवला. भोकाजवळ गेले की तो डोक्यावरून उलटवायचा, उठताना मागे टाकायचा. त्याचे कापड शिवायचे काम घरी त्यांच्या पत्नीने केले. तोवर माणूस जड लाकडी खोपटात एकाच जागी माशाची वाट बघत बसे. आता तो माशाच्या मागे फिरू लागला. पुढे हीच कल्पना कारखान्यात गेली.

अलीकडची गोष्ट घ्या. लोकांनी हाताच्या गिरमिटाची मूठ काढून ते बिनतारी ड्रिलला जोडले. पण ड्रिलची पकड सुटली की गिरमिट थेट तळाशी! मग कोणी दांड्यावर भोकापेक्षा मोठी चकती बसवली. आता ही जोडणीही दुकानात मिळते.

वाचकहो, या सगळ्यात मला एक क्रम दिसतो. आधी मोडते, मग दुरुस्ती, दुरुस्तीत सुधारणा, आणि शेवटी दुकान. पण दुकानातली वस्तू पुष्कळदा उघडताच येत नाही. पेटी बंद पडली की नवी आणायची. सोय झाली हे खरे; पाच तास बर्फावर बसणाऱ्याला सोयीचे मोल मी काय सांगावे! प्रश्न वेगळा आहे. ज्याला आपले साधन आतून ठाऊक नाही, त्याला पुढची अडचण सुचणार कशी? आणि अडचण सुचली नाही तर सुधारणा कुठून येणार?

लेकीच्या शेजारी पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ आहेत. ते दर नोव्हेंबरला गॅरेजमध्ये नातवंडांना बसवून लाकडी दांड्याचे तुकडे कापतात. प्रत्येक तुकड्यात एक खिळा ठोकतात, त्याचे डोके कापून टोक कानशीने धारदार करतात, आणि दोन तुकडे दोरीने जोडून गळ्यात अडकवायला देतात. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला तर ओल्या कडेवर हात ठरत नाहीत. खिळे रुतवून अंग वर ओढता येते. ‘विकत मिळतात की,’ असे मी म्हटले. ते म्हणाले, ‘मिळतात. पण स्वतः केलेले असले की पोरे ते घरी विसरत नाहीत.’

माणसाने चालायला नवा, स्वच्छ बर्फ किमान ४ इंच जाड हवा, असे तिथले सरकारी खाते सांगते. हिवाळे आता पूर्वीसारखे कडक राहिलेले नाहीत. तळी उशिरा गोठतात, लवकर सुटतात. तेव्हा सगळ्या साधनांत हे दोन खिळेच आता जास्त लागणार असे वाटते. त्यात सुधारायला फारसे काही नाही, आणि ते दहा वर्षांच्या पोरालाही करता येतात. असो.