हायस्कुलांतील दुसरी वाट

इ. स. १८५९ सालीं मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडींतील एक यशस्वी विद्यार्थी होत. या परीक्षेनें हायस्कुलाला जें वळण लावलें, तें पुढें दीर्घ काळ टिकलें. विद्यापीठाच्या दारीं जें विचारलें जाई, तेंच वर्गांत शिकविलें जाई. भाषा व गणित यांना मानाचें पान मिळालें. चित्रकला, गायन व हस्तव्यवसाय यांना ओसरीवर बसावें लागलें.

या एकमार्गी व्यवस्थेवर पहिला मोठा विचार १८८२ सालीं झाला. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाच्या चौकशीसाठीं आयोग बसला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्याचे एक सभासद होते. जोतीराव फुले यांनीं त्याच्यापुढें निवेदन सादर केलें आणि प्राथमिक शाळेंतसुद्धां शेतीचें व आरोग्याचें ज्ञान दिलें जावें, असा आग्रह धरला. आयोगानें सुचविलें कीं, हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्या. एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाकडे. सूचना शहाणपणाची होती. परंतु दुसऱ्या वाटेनें फारसें कोणी गेलें नाहीं. कारण उघड होतें. सरकारी नोकरी व वकिली हीं दोन्ही पहिल्या वाटेच्या टोकाला होतीं. जिच्या शेवटीं दार नाहीं अशी वाट निवडण्याची मोकळीक ही नांवाचीच मोकळीक होय.

चित्रकलेची हकीकत मात्र थोडी निराळी आहे. मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ सालीं स्थापन झाली आणि १८९३ सालीं तेथें चित्रकला-शिक्षक तयार करण्याचे वर्ग निघाले. पुढें एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा शाळाशाळांतून रूढ झाल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव करून घेणारे ड्रॉइंग मास्तर तालुक्याच्या गांवींही दिसूं लागले. शिकविणारा माणूस, मान्यता असलेली परीक्षा आणि पुढें कलाशाळेचें दार, या तीन गोष्टी एकत्र आल्या; म्हणून हा विषय तग धरून राहिला.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न पुनः ऐरणीवर आला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानें माध्यमिक शिक्षणांत सात विषयगट सुचविले. त्यांत शेती, ललितकला व गृहविज्ञान यांनाही स्थान दिलें. त्यासाठीं बहूद्देशीय शाळा निघाल्या. परंतु कार्यशाळा, साहित्य व तयार शिक्षक यांवांचून गट कागदावरच राहतो, असा अनुभव पुष्कळ ठिकाणीं आला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें निराळा विचार मांडला. लहान वयांत मुलाला एका शाखेंत बांधूं नये, पहिलीं दहा वर्षें सर्वांना सामान्य शिक्षण द्यावें व त्यांत कार्यानुभव असावा, असें त्याचें म्हणणें होतें. महाराष्ट्रांत या नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ सालीं झाली. मुलांची अकालीं वांटणी टळली, हा लाभ झाला. परंतु हातानें करावयाचे विषय पुष्कळदां वेळापत्रकाच्या कडेला गेले, हें नुकसानही झालें.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अभ्यासक्रमांतील व अभ्यासक्रमाबाहेरील विषयांमधली भिंत काढून टाकण्याचें ठरविलें आहे. विचार चांगला आहे; पण तो १८८२ पासून निरनिराळ्या रूपांनीं मांडला गेला आहे. दरम्यान दहावीच्या परीक्षेंत चित्रकलेच्या श्रेणीसाठीं वाढीव गुण देण्याची सोयही महाराष्ट्रांत झाली. गुणांच्या ओढीनें मुलें कुंचला हातीं धरतील; तो हातीं राहावा यासाठीं मात्र शिक्षक, वेळ आणि पुढचें दार यांचीच गरज आहे. मागील इतिहास एवढेंच सांगतो कीं, विषयाला ऐच्छिक म्हटल्यानें इच्छा उत्पन्न होत नाहीं. ती पुरी करण्याची सोय शाळेनें करावी लागते.