टेक्सासचा वयपडताळणी कायदा : निकाल स्पष्ट, आर्थिक पेच कायम

प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांना वापरकर्त्याचे वय तपासणे बंधनकारक करणारा टेक्सास राज्याचा ‘एचबी ११८१’ हा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरविला. घटनात्मक वाद त्यामुळे बराचसा मिटला असला, तरी अंमलबजावणीचा आर्थिक पेच कायम आहे.

एक तृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांना अपायकारक ठरणारा लैंगिक स्वरूपाचा असलेल्या व्यावसायिक संकेतस्थळांना २०२३ चा हा कायदा लागू होतो. पडताळणी न केल्यास दररोज १० हजार डॉलरपर्यंत, तर त्यामुळे अल्पवयीनाने मजकूर पाहिल्यास आणखी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ओळखीचा तपशील साठवून ठेवणेही दंडनीय आहे.

या व्यवसायाची संघटना ‘फ्री स्पीच कोअलिशन’ने कायद्याला आव्हान दिले होते. २००४ मध्ये अशाच स्वरूपाच्या केंद्रीय कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा सर्वांत कठोर निकष लावला होता. या वेळी मात्र प्रौढांच्या हक्कांवरील भार आनुषंगिक असल्याचे सांगून न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी बहुमताच्या निकालात मध्यम निकष लावला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमत नोंदविताना कठोर निकषाचाच आग्रह धरला.

एक लाख पडताळण्यांमागे किमान ४० हजार डॉलर खर्च येत असल्याची नोंद कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशात आहे. मोफत संकेतस्थळांचे उत्पन्न मुख्यत्वे जाहिरातींवर अवलंबून असते आणि एका भेटीमागील कमाई अत्यल्प असते. शिवाय ओळखपत्र मागताच अनेक प्रौढही माघारी फिरतात. म्हणजे खर्च वाढतो आणि उत्पन्न घटते. मार्च २०२४ मध्ये ‘पॉर्नहब’ने पडताळणी सुरू करण्याऐवजी टेक्सासमधील सेवाच बंद केली.

ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अशी पडताळणी अनिवार्य असून, दंडाची मर्यादा १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उत्पन्नाच्या १० टक्के, यांपैकी अधिक असलेली रक्कम आहे.

कायदा पाळणाऱ्या कंपन्यांवर हा भार पडत असताना, परदेशातून चालणारी व नियम न जुमानणारी संकेतस्थळे तपासाबाहेर राहू शकतात. व्हीपीएनद्वारेही निर्बंध टाळता येतात. ही पळवाट खुली राहिल्यास प्रौढांची गोपनीयता पणाला लागूनही मुलांना अपेक्षित संरक्षण मिळणार नाही, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.